अनुभव धागा: लाईट, पाणी आणि ऊन, खान्देशातल्या घराची कमी पैशातली तयारी

धागा काढणारी, जळगाव

आपल्याकडं आणीबाणी म्हटलं की आधी मे-जून आठवतो. पारा ४४-४५ वर, रोहिण्यांच्या आगेमागे दुपारी वारं-वावधान सुटतं, रावेर-यावलकडं केळी आडवी होते, खांब वाकतात. लाईट गेली की पाणीयोजनेचा पंप बंद, पंप बंद की नळ कोरडा, आणि कूलरला तर दोन्ही लागतं. एक तुटलं की तिन्ही जातात, म्हणून तयारी एकत्रच करावी लागते. जाणकारांनी माप, वस्तू आणि नेमकं कुठं फसतं ते लिहावं. किस्से दुसऱ्या धाग्यावर.

भुसावळ

पाण्यापासून सुरू करतो. ज्या गावात नळ आठ-दहा दिवसांनी येतो तिथं साठा सगळ्यांकडं असतो, पण पिण्याचा आणि वापराचा वेगळा नसतो. मग बंद लांबला की पिण्याचंच पाणी धुण्याभांड्यात जातं. उन्हाळ्यात पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज ५ लिटर धरा. पाच माणसं, तीन दिवस, म्हणजे ७५ लिटर. झाकणाचे २० लिटरचे चार कॅन पुरतात. हे कॅन मोजून बाजूला ठेवायचे आणि दर नळाच्या दिवशी त्यातलं जुनं पाणी वापरात काढून नवं भरायचं.

जुना निळा ड्रम स्वस्त मिळतो म्हणून घेता, पण आधी त्यात काय होतं ते विचारा. कीटकनाशकाचा किंवा केमिकलचा ड्रम कितीही धुतला तरी पिण्यासाठी चालत नाही, त्यात कूलरचंही पाणी भरू नका.

गढूळ पाण्यात औषध टाकून उपयोग नाही, गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. आधी तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी चौघडी कपड्यातून गाळा, मग क्लोरीनची गोळी. गोळी किती लिटरची ते पाकिटावर बघा, कारण २० लिटरची वेगळी असते. अर्धा तास थांबून मग प्या. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला ५ ग्रॅम लागते, पण ती ताजी असेल तर. पत्र्याच्या खोलीत उघडी पडलेली पावडर एका उन्हाळ्यात मरते. झाकण उघडल्यावर नाकाला झोंबली नाही तर ती फेका.

अमळनेर, वायरिंगचं काम

बाकी काही करू नका, पण कूलर बघा. लोखंडी बॉडी, आत पाणी, खाली ओली फरशी आणि टू-पिनची पिन. यात एक वायर कातरली की सगळा पत्रा जिवंत.

तीन पिनचाच प्लग लावा, तिसरी वायर बॉडीच्या स्क्रूला खरोखर जोडलीय का ते उघडून बघा. पुष्कळ ठिकाणी ती प्लगमध्ये असते आणि कूलरच्या आत नुसती लोंबत असते. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. बटण न्यूट्रलवर बसवलेलं असेल तर बंद करूनही करंट आत राहतो.

आता आर्थिंग. आपली काळी माती एप्रिलमध्ये भेगाळते आणि आर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. खड्डा कोरडा असेल तर आर्थिंग नावालाच. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत आठवड्याला त्यात एक बादली पाणी ओता. याहून स्वस्त सुरक्षा नाही. पैसे जमले की मीटरजवळ ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईट पाडणारा स्विच) बसवा आणि तिचं 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर पडली नाही तर ती बिघडलेली आहे.

वादळानंतर अजून एक गोष्ट. लाईट येते आणि काही बल्ब एकदम पांढरेफटक, काही मंद दिसतात. तेव्हा खांबावरचं न्यूट्रल तुटलेलं असतं आणि घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतं. टीव्ही बंद करायला धावू नका, सरळ मेन पाडा. वीज कंपनीच्या १९१२ ला सांगा. रस्त्यात पडलेल्या तारेपासून लांब राहा, लाईट गेलेली असली तरी.

चार्जिंगच्या बल्बबद्दल: मेन पाडली की पुष्कळ घरात तो लागतच नाही, कारण पुढची वायर तुटलेली समजून तो गप्प बसतो. म्हणून एक बल्ब वेगळ्या होल्डरसकट हातात धरण्यासारखा ठेवा. महिन्यातून एकदा चार्ज करा, रिकामा ठेवलेला बल्ब जूनमध्ये दगा देतो.

शिरपूर तालुका

इन्व्हर्टर परवडत नसेल तर शेतकऱ्याच्या घरात बॅटरी आधीच असते, फवारणीच्या पंपातली. १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तास. बाजारात १२ व्होल्टचा छोटा डीसी पंखा मिळतो, तो १२ ते १५ वॅट खातो. बॅटरी पूर्ण उतरवायची नाही असं धरलं तर साधारण चार तास हवा. लाल वायर अधिकला, काळी उण्याला. उलट जोडली तर पंखा फिरत नाही किंवा जळतो. बॅटरी पंपातून काढून ओल्या फडक्यानं पुसायची, हात साबणानं धुवायचे, आणि चार्जिंग स्वयंपाकघरात करायचं नाही, तिला औषध लागलेलं असतं.

अमळनेर, वायरिंगचं काम

भाऊ, बरोबर आहे, पण अधिकच्या वायरीत ३ अँपिअरचा फ्यूज घाला. चार रुपयांचं काम. वायर चुकून चिकटली तर बॅटरी तारा लाल करते. आणि त्याच दिवशी परत चार्ज करा, उतरलेली ठेवली की ती पुढं भरतच नाही.

ज्यांच्याकडं इन्व्हर्टर आहे त्यांच्यासाठी हिशेब: १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीतून कामाला येतात जेमतेम १२०० वॅट-तास. साधे दोन पंखे दीडशे वॅट खातात, म्हणजे आठ तास. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे ३० वॅटचे, तेच दोन वीस तासांच्या आसपास जातात. नवी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला.

चोपडा, आरोग्य सेविका

ओआरएसची दहा पाकिटं घरात पडू द्या. पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटरमध्येच, अख्खं. ग्लासभर पाण्यात अर्धं पाकीट टाकलं की मीठ जास्त होतं आणि लहान मुलाला त्रास होतो. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्याला साखर सपाट सहा चमचे, मीठ सपाट अर्धा चमचा, पोहे खायचा नाही, लहान चमचा. २४ तासांनी उरलेलं फेका.

उन्हात माणूस बरळायला लागला, चालताना झोक गेला, अंग तापलंय, तर ही चक्कर नाही, उष्माघात आहे. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि सुपानं वारा घाला. मान, काखा आणि जांघेत ओली फडकी. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनळीत जातं. १०८ ला फोन करत असतानाच पाणी ओतणं चालू ठेवा. खिशातला कांदा ठेवायचा तर ठेवा, त्यानं ताप उतरत नाही.

धरणगाव

खाण्याचं सांगते. चूल किंवा गॅस नसताना चालेल असं: मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, ज्वारीच्या लाह्या. पाच माणसांना तीन दिवस फुटाणे-शेंगदाणे मिळून ३ किलो, गूळ दीड किलो, मुरमुरे २ किलो. हे पोटाला आधार देण्यापुरतं. वादळाची चाहूल लागली की दशम्या करून टाका, दोन दिवस नीट राहतात. पापड, बिबड्या घरात असतातच, पण पाणी मोजून पीत असाल तेव्हा त्या हातात घेऊ नका, मीठ तहान वाढवतं. पीठ साठवू नका, धान्य साठवा. उन्हाळ्यात ज्वारीचं पीठ लवकर कडू होतं.

आमच्याकडं म्हणतात, "वारं सुटनं, आते लाईट गयी समज." त्या 'समज'मध्येच मोबाईल, पॉवर बँक आणि माठ भरून घ्यायचा. आणि पॉवर बँकवर १०,००० लिहिलेलं असलं तरी हातात साठ टक्केच येतं, मोबाईल एक-सव्वा वेळा भरतो.

चाळीसगाव

ऑगस्ट २०२१ अखेरीस तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी शहरात शिरलं, तेव्हापासून इथं पुराचा विचार होतो. नदीकाठच्यांसाठी एकच खास: सिलिंडर. भरलेलं सिलिंडर जवळपास तीस किलो असलं तरी पाण्यावर तरंगतं, नळी ओढून तोडतं. पाणी उंबऱ्याशी आलं की रेग्युलेटर काढा, पांढरी टोपी लावा, साखळीनं खिडकीच्या गजाला बांधा. गळतीचा वास असेल तर बटणं दाबू नका. गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून खालच्या बाजूची दारं आधी उघडा. घराबाहेर येऊन गॅसगळतीच्या १९०६ ला फोन करा. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला, तारीख नळीवरच असते.

तापीकाठी हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की सामान नाही, आधी गुरं सोडा.

धडगाव

सातपुड्यात रेंजचा भरवसा नसतो, म्हणून गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर खडूनं लिहिलेला असू द्या आणि गाडीत पेट्रोल. पावसात जमिनीवर झोपणाऱ्याला मण्यार साप चावतो, खूण धड दिसत नाही, दुखतही नाही. सकाळी पोटात दुखणं, पापण्या मिटायला लागणं, एवढंच. मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचा, नुसती टांगलेली कामाची नाही. चावलं तर कापू नका, आवळून बांधू नका, पाय हलू देऊ नका, प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्यात.

धुळे

कागदांचं थोडक्यात: रेशनकार्ड, आधार, सातबारा, पासबुक यांच्या झेरॉक्स झिपच्या पिशवीत, मूळ कागद दुसऱ्या पिशवीत, दोन्ही माळ्यावर. सोबत १०, २०, ५०, १०० च्या नोटा, हजार-दीड हजार. टॉवर बंद पडला की स्कॅन चालत नाही आणि पाचशेची मोड कोणी देत नाही.

भडगाव

धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) घराचं कोणी लिहिलं नाही. दर वर्षी वरून खारी माती टाकतात, जुनी खरवडत नाहीत, वजन वाढत जातं. मेमध्ये वरचा थर आधी खरवडा, उंदराची बिळं ठासून बुजवा, मगच नवी माती पसरा. झड लागल्यावर आतून माती भुरभुरायला लागली, लाकडाचा करकर आवाज आला किंवा भिंतीचं पोट सुटलं, तर त्या रात्री त्या खोलीत झोपू नका. ताडपत्री अंथरली तरी तिच्या खाली साचलेलं पाणी बघत राहा, तिचं टोक पन्हाळीच्या बाहेर काढा.