चेस म्हणजे दर वेळी पाठलागच का?

खाडीकाठ: गुहागर तालुक्यात नववीला इंग्रजी शिकवते. (चेस म्हणजे बुद्धिबळ नव्हे, मागे धावण्याचं क्रियापद.) एका मुलीने 'माय फादर इज चेसिंग द पेमेंट'चं मराठी केलं, 'माझे बाबा पैशांचा पाठलाग करत आहेत.' लाल पेन उचललं आणि हात थांबला. तिच्या बाबांच्या हापूसच्या पेट्या एप्रिलात मुंबईला गेल्या. गणपती आले तरी पैसे नाहीत, दर सोमवारी ते फोन करतात. 'तगादा लावणे' लिहावं, तर त्यात सावकार दिसतो. हा माणूस स्वतःच्या घामाचे मागतोय. काय लिहू?

रायवळ: बाई, कागदोपत्री 'पाठपुरावा'. पण घरी तसं कोण बोलतं? आणि 'पैशाच्या मागे लागलेत' लिहू नका, माणूस हावरट ठरेल. आपण 'व्यापाऱ्याच्या मागे लागलेत' म्हणतो. इंग्रजीत पेमेंटलाही चेस करता येतं, आपण त्यासाठी माणसाला धरतो.

देवगडकार: आमच्या बागेत चेस उलटा चालतो. वानरं यावीत असं कोणाला वाटतं? 'चेस अवे' म्हणजे पिटाळणं, हुसकावणं. मालवणीत 'वानरांका हाकलूक गेलो' म्हणतात. इंग्रजीत 'अवे' विसरलात तर वानर धरायला निघालात असा अर्थ होईल! क्रिकेटमध्ये मात्र आपण पाठलागच घेतला. 2011च्या अंतिम सामन्यात वानखेडेवर लक्ष्य होतं 275. ते जागचं हलत नाही, तरी पाठलाग.

नकसकाम: एक अर्थ राहिला. पालखीतल्या देवाच्या चांदीच्या रूप्यांवर, म्हणजे मुखवट्यांवर, भुवया, डोळ्यांच्या कडा उठवतात, त्या कामालाही चेसिंग म्हणतात. राळ, विटेची भुकटी आणि तेल यांच्या घट्ट लगद्यावर पत्रा बसवायचा आणि पुढून बोथट कलमाने ठोकायचं. धातू खरवडून काढायचा नाही, फक्त दाबायचा. वडिलांना मी हे करताना पाहिलंय, एका भुवईला अख्खी दुपार जायची. हा चेस वेगळ्या वाटेने आला, लॅटिन 'कॅप्सा' म्हणजे पेटी, त्यावरून. धावण्याचा चेस 'कॅप्टारे'वरून, म्हणजे पकडू पाहणे. कॅचही त्यातलाच. कॅच नॉर्मन फ्रेंचमधून आला, धावण्याचा चेस मध्य फ्रान्सच्या बोलीतून.

खाडीकाठ: म्हणजे चेस आणि कॅच सख्खे! हे वर्गात नक्की सांगणार. त्या वाक्यावर 'बाबा पैशांसाठी व्यापाऱ्याच्या मागे लागलेत' असं लिहिलं आणि पूर्ण गुण दिले.