मदत हवी आहे: चार सिलिंडरचा ट्रॉलर विकून दोघांना झेपेल अशी फायबर होडी घ्यायची आहे

नमस्कार मंडळी,

मी मालवणजवळ सर्जेकोटला राहतो. आमचा ४२ फुटी लाकडी ट्रॉलर आहे, चार सिलिंडरचा. यंदाचा हंगाम संपला की तो विकायचा आणि मी आणि माझा चुलतभाऊ, दोघांनी चालवता येईल अशी आऊटबोर्ड इंजिनाची फायबर होडी घ्यायची, असं घरात जवळजवळ ठरलं आहे. मासेमारी सोडायची नाही, बोट लहान करायची आहे. ज्यांनी हा बदल केला आहे त्यांचा सल्ला हवा आहे.

कारणं तुम्हाला नवीन नाहीत. तांडेल (बोटीचा प्रमुख) धरून सहा माणसं लागतात. नारळी पौर्णिमेच्या आधी खलाशांना आगाऊ रक्कम द्यायची आणि ऐन हंगामात त्यातले दोन-तीन जण दुसऱ्या बंदरावर निघून जाणार, हे आता दरवर्षीचं झालंय. डिझेलचा परतावा मच्छीमार सोसायटीमार्फत मिळतो, पण आधी पैसे आपणच घालायचे आणि मग वाट बघायची. फेरी मारून आलं की डिझेल, बर्फ, रेशन आणि खलाशांचा वाटा वजा जाता घरात काय उरतं ते विचारू नका. त्यात दर उन्हाळ्यात बोट वर ओढा, फळ्यांची सांध भरा, रंग काढा. लाकूडकाम करणारे सुतारही आता बोटावर मोजण्याइतके राहिले. मुलगा गोव्यात नोकरीला आहे आणि तिथे सुखी आहे, त्याला परत बोलवायचं नाही. माझी पन्नाशी उलटली, गुडघा त्रास देतो. चार-चार दिवस समुद्रात राहणं आता नको वाटतं. पहाटे जावं आणि लिलावाच्या वेळेला किनाऱ्याला लागावं, एवढंच हवं आहे.

आम्ही तंगुसाची (नायलॉनच्या एकेरी धाग्याची) जाळी लावणार. सुरमई, बांगडा, हंगामात पापलेट. पावसाळी बंदी (१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस) इंजिनवाल्या लहान होडीलाही लागू आहे, सूट फक्त बिगर यांत्रिक होड्यांना. त्यामुळे ऑगस्ट ते मे एवढाच धंदा धरून आणि पेट्रोलचा सगळा खर्च खिशातून धरून गणित मांडतोय.

माझी खरी अडचण लांबीची आहे. गावातले काही जण म्हणतात २२ फूट पुरे, दोघांनी वाळूवर ओढता येते. पण परतताना वारा वाढला की खाडीच्या तोंडावर लाट फुटते, तिथे भरलेली २२ फुटी होडी कशी वागते याचा मला अनुभव नाही. ट्रॉलरवर त्या लाटेचं काही वाटत नसे. दुसरे म्हणतात २८ फूट घ्या. मग ती ओढायला पुन्हा माणसं गोळा करायची, म्हणजे ज्यासाठी बोट विकली ते दुखणं तसंच राहिलं.

काठ किती उंच असावा हेही सांगा. ट्रॉलरवर जाळं ओढायला यारी (यंत्र) आहे, इथे जाळं हातानेच ओढायचं. काठ उंच असला तर पाठ जाते, फार खाली असला तर ओलं जाळं आत घेताना होडी कलते.

इंजिन एक २५ अश्वशक्तीचं घ्यावं की ९.९ ची दोन? आणि होडी नवीन बांधून घ्यावी की वापरलेली? वापरलेली फायबर वरून रंगवली की चकचकीत दिसते, आत काय आहे ते कसं ओळखायचं?

ट्रॉलर परवान्यासकट विकायचा आहे. बँकेचं थोडं कर्ज बाकी आहे. व्यवहारात काय सांभाळावं तेही सांगा.

— सर्जेकोटवाला

प्रतिसाद: खाडीकाठचा

दादा, मी देवबागचा. आमचीही दोन सिलिंडरची होती, ती काढून फायबर घेतली. तुमचं काम दोघांचं असेल तर २४ ते २६ फुटांत बघा. पण फुटांवर अडून राहू नका, नाळ (होडीचं पुढचं टोक) बघा. नाळ उंच आणि पुढचा भाग वर काठाकडे फाकत गेलेला असेल तर होडी लाटेवर चढते. नाळ बसकी असेल तर २८ फुटीसुद्धा पाणी घेते. खाडीच्या तोंडावर ओहोटीचं पाणी आणि समोरून वारा एकत्र आले की लाट उभी राहते. तेव्हा घाई करायची नाही, बाहेर थांबून भरती लागू द्यायची. लहान होडीत ही सवय लावून घ्यावीच लागते.

काठ गुडघ्याच्या थोडा वर, मांडीला टेकेल असा. मांडी टेकवून ओढलं की पाठीवर भार येत नाही. एकाने बोयांची दोरी धरायची, दुसऱ्याने शिशाची, आणि दोघांनी एकाच बाजूला रेलायचं नाही.

इंजिन मी ९.९ ची दोन सुचवेन. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येता, आणि संध्याकाळी दोघांत उचलून घरात ठेवता येतात. वेग कमी मिळेल, लांबच्या पाण्यात जायचं असेल तर मात्र २५ च बरं. इंजिन घेण्याआधी मागच्या फळीची उंची मोजा. १५ इंची फळीला आखूड शाफ्ट, २० इंचीला लांब. चुकीचा बसवला तर पंखा हवा खातो किंवा उगीच खोल ओढत राहतो.

वापरलेली घेताना नाणं घेऊन सगळ्या अंगावर ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर थर सुटलेत. मग इंजिनाचा खालचा भाग धरून वर-खाली हलवा आणि मागच्या फळीकडे बघा. ती लवली किंवा कोपऱ्यात भेग उघडली तर आतलं प्लायवुड कुजलंय, रंग कितीही नवा असो. वाळूवर ओढलेल्या होडीचा तळही पालथी घालून बघा, मधला कणा झिजलेला असतो.

ट्रॉलरचं म्हणाल तर आधी बँकेचं ना हरकत आणि सोसायटीचा बेबाकी (काही देणं नसल्याचा) दाखला घ्या. नोंदणी आणि परवाना खरेदीदाराच्या नावावर चढेपर्यंत ताबा देऊ नका. बोट पकडली गेली तर नोटीस कागदावरच्या मालकाला येते. आणि नवी होडी बांधायला देण्याआधी मत्स्यव्यवसायच्या ऑफिसात परवानगीचं विचारून घ्या.

तुमचा विचार चांगला आहे. येवा एकदा देवबागाक, होडी बघा, हाकून बघा, मगे ठरवा.

सर्जेकोटवाला:

भाऊ, मनापासून आभार. नाळेचं हे कुणीच सांगितलं नव्हतं. मांडीला काठ टेकवण्याचं भावाला दाखवलं, त्याने लगेच आमच्याच ट्रॉलरच्या काठाला टेकून बघितलं आणि म्हणाला, हे जमणार.

पुढच्या भांगाला (भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा) नक्की येतो, पाणी शांत असलं की दोघांनाही हाकून बघता येईल. अजून एक सांगा: तुमच्या होडीत हवाबंद कप्पे आहेत का आणि ते फोम भरून घेतलेत का? होडी उलटली तरी तरंगत राहिली पाहिजे, ही घरच्यांची एकच अट आहे. ती पाळल्याशिवाय मी बयाणा देणार नाही.

आणि रात्री जाळं लावलं की मोठे ट्रॉलर वरून जातात, त्यासाठी तुम्ही टोकाला कोणता दिवा लावता?