कावेरी आणि टेस्टिंगची सोय

कावेरी, म्हणजे आपल्या तेजस लढाऊ विमानासाठी बनवायला घेतलेलं देशी जेट इंजिन, फक्त पैशाअभावी रखडलं असं काही जण म्हणतात. पैसा कमी होताच हो, पण टेस्टिंगचं काय? इंजिन बनवायचं बंगळुरूला आणि उंचीवर कसं चालतंय ते बघायला न्यायचं रशियात, कारण आपल्याकडे फ्लाइंग टेस्ट बेडच (नवं इंजिन बसवून हवेत तपासायचं विमान) नव्हता, मग २०१० च्या नोव्हेंबरात मॉस्कोजवळ ग्रोमोव्ह या विमान चाचणी संस्थेच्या आयएल-७६ मालवाहू विमानाचं चारातलं एक इंजिन काढून तिथे कावेरी बसवलं तेव्हा कुठे ते हवेत गेलं, आणि प्रोग्रॅम मंजूर झालेला १९८९ ला! काही बदल केला की परत त्यांच्या तारखांची वाट बघा.

अमेरिकेतही वेगळं नाही म्हणा, एफ-३५ या लढाऊ विमानाच्या चाचण्यांसाठी लागणारं सिम्युलेटर वेळेत तयार नव्हतं म्हणून फुल रेट प्रॉडक्शनची, म्हणजे पूर्ण वेगाने उत्पादनाची, मंजुरी मार्च २०२४ पर्यंत लटकली, विमानं मात्र तोवर शेकड्यांनी बनून गेलेली.

आपल्याकडे २०२० ला संरक्षण क्षेत्रातल्या टेस्टिंग सुविधांसाठी ४०० कोटींची स्कीम आली, त्यात ७५ टक्क्यांपर्यंत खर्च सरकार देणार होतं. चांगलंय, पण एकूण गरजेपुढे दर्यामे खसखस. प्रोजेक्टच्या मंजुरीच्या वेळीच विचारा ना, टेस्ट बेड कोणाचा, तारखा कधी मिळणार, रांगेत आपल्या आधी कोण. हे लिहिलेलं नसेल तर त्या डेडलाइनवर मी तरी पैज लावणार नाही.