साताऱ्याची पावसातली सभा आणि टीव्ही

'टीव्हीनं मत फिरत नाही, आपल्याकडं गट, भावकी आणि साखर कारखानाच ठरवतो,' हे निवडणुकीबद्दल केलं जाणारं म्हणणं मला अर्धंच पटलं. १८ ऑक्टोबर २०१९ ची साताऱ्याची सभा आठवा. शरद पवार भर पावसात भिजत बोलले. मैदानावर होते त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं, बाकी जिल्ह्यानं टीव्हीवर आणि मोबाईलवर. कोरेगावात आमच्या नेहमीच्या सलूनमध्ये टीव्हीचा आवाज बंद होता, तरी कात्री थांबवून सगळे बघत होते. ते काय बोलले, हे कुणी विचारलंच नाही. मतदान २१ ला झालं आणि लोकसभा पोटनिवडणुकीत पवारांच्या राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील सुमारे ८७ हजारांनी निवडून आले.

सगळं श्रेय टीव्हीचं नव्हे. पाटलांच्या विरोधात उभे असलेले उदयनराजे भोसले राष्ट्रवादीकडून खासदार झाल्यावर काही महिन्यांतच भाजपमध्ये गेले, याची नाराजी माझ्या मते आधीपासून होती. टीव्हीनं ती घरोघरी एकाच वेळी जागी केली.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याआधीचे ४८ तास टीव्हीवर प्रचार दाखवता येत नाही. पण २०२४ सारखी टप्प्याटप्प्यानं निवडणूक असली की, ७ मेच्या मतदानाआधी इथले भोंगे बंद आणि पुढच्या टप्प्यातल्या सभा मात्र घरात थेट चालू! ही पळवाट आधी बुजवायला हवी.