पोर्चच्या स्लॅबमध्ये कोअर कटिंगची सुरुवात हॅमर मशीनने करावी का?

प्रश्न : गृहस्थ, लातूर

नमस्कार मंडळी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, ते दिवस आमच्या घराने सोसलेले आहेत. त्यामुळे गच्चीवरचे पावसाचे पाणी पोर्चखालच्या हौदात उतरवायचे आम्ही यंदा ठरवले आहे. त्यासाठी ११० मि.मी. बाह्य व्यासाचा, म्हणजे आपण ज्याला चार इंची म्हणतो तो, पीव्हीसी पाइप पोर्चच्या पाच इंची स्लॅबमधून आरपार न्यायचा आहे. १२७ मि.मी.चा डायमंड बिट (काठावर हिऱ्याचे दात असलेली पोकळ नळी) आणि ते फिरवून गोल भोक कापणारे, हातात धरायचे कोअर मशीन भाड्याने आणले. परंतु काल बिट स्लॅबवर टेकवताच ते चहूकडे सरकू लागले आणि कोब्यावर चंद्रकोरीसारखे ओरखडे उमटले, म्हणून काम थांबवले.

आमच्या मिस्त्रींचे म्हणणे असे की, वर्तुळाच्या रेषेवर हॅमर मशीनने दहा-बारा छिद्रे पाडून घ्यावीत, म्हणजे बिट त्या खाचेत आपोआप बसेल. प्लंबर म्हणतात की मधोमध एकच छिद्र आरपार पाडावे. दोघेही अनुभवी आहेत. कोणाचे ऐकावे?

उत्तर : कोअर कटिंग व्यावसायिक, छत्रपती संभाजीनगर

मिस्त्रींचा मान राखून सांगतो, रेषेवर छिद्रे मुळीच पाडू नका. डायमंड बिटच्या कडेला बसवलेले दात घासून कापतात, ठोकून नव्हे. कापताना दात वाटेतल्या छिद्रात उतरला की पुढच्या काठावर आदळतो, आणि दोन-चार फेऱ्यांत एखादा दात नळीपासून सुटतो. शिवाय आपल्याकडच्या काँक्रीटमध्ये काळ्या दगडाची खडी असते. हॅमरचे टोक त्या खडीवर आले की बाजूला घसरते, त्यामुळे तुम्ही पेन्सिलीने कितीही नेटके वर्तुळ काढले तरी छिद्रे रेषेवर पडणारच नाहीत. ज्या मशीनला हॅमरची कळ असते, तिथे डायमंड बिट लावल्यावर ती कळ बंद हवी. ठोकून चालणारे बिट कार्बाइडच्या दातांचे असतात. ती जातच निराळी, आणि सळई लागली की तिचे दात उडतात.

प्लंबरचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. मधले छिद्र कापण्यासाठी उपयोगाचे नाही, जागा पक्की करण्यासाठी आहे. ८ मि.मी.च्या बिटने ते पाडा, त्यातून ओळंबा खाली सोडून हौदाचे तोंड त्याच्याशी जुळते का ते पाहा. शेवटचा इंचभर राहिला की हॅमर बंद करून नुसते फिरवा, नाहीतर खालच्या गिलाव्याचा टवका उडतो. त्यानंतर एक गोष्ट बहुतेक जण विसरतात : त्या छिद्रात लाकडी खुंटी घट्ट ठोका. बिटच्या पोटातून येणारे पाणी त्या छिद्रातून खाली निघून गेले, तर दात कोरडेच घासतात, तापतात आणि त्यांची धार जाते.

आता बिट सरकण्याचे. एवढ्या व्यासाला हातात धरून काम करणे मला पसंत नाही. सळईत बिट अडकले तर मशीन माणसाचे मनगट मुरगाळते. भाड्याच्या दुकानातून स्टँड मागून घ्या. तो स्लॅबला आवळण्यासाठी जो अँकर (काँक्रीटमध्ये घट्ट बसणारा बोल्ट) लागतो, त्याचे छिद्र मात्र हॅमर मशीननेच पाडायचे. स्टँड हललाच नाही तर बिट सरकण्याचा प्रश्नच येत नाही. पहिले पाच-सात मि.मी. जोर न लावता जाऊ द्या आणि गोल खाच पूर्ण उमटल्यावरच दाब वाढवा. स्टँड मिळालाच नाही तर जाड प्लायवूडला बिट सैल बसेल असे गोल भोक पाडून ते प्लाय स्लॅबवर स्क्रूने आवळा, आणि खाच पडेपर्यंत तेच वाटाड्यासारखे वापरा. बिट तिरपे टेकवून एक-दोन दातांनी चंद्रकोरीसारखी खाच पाडायची आणि मशीन चालू ठेवून हळूहळू सरळ करायचे, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत आहे, पण ती लहान बिटसाठी.

कापता कापता बिट पुढे जाईनासे झाले आणि पाणी रबडीसारखे न येता स्वच्छ येऊ लागले, तर दात गुळगुळीत झाले आहेत असे समजा. धार लावायच्या दगडावर दोन मिनिटे चालवले की हिरे पुन्हा उघडे पडतात.

उत्तर : शेतकरी, परभणी जिल्हा

पाण्यासाठी नळाची वाट पाहू नका. मी गोठ्याच्या भिंतीला छिद्र पाडताना पाठीवरचा फवारणी पंप वापरला. त्याची नळी मशीनच्या तोटीला जोडली की धार एकसारखी मिळते. फक्त पंप नवा किंवा पूर्ण धुतलेला असावा, कारण कीटकनाशकाचे पाणी हौदावरच्या स्लॅबवर सांडणे कोणत्याही परिस्थितीत चालणार नाही. आणि ओल्या मशीनची वीज ३० मिलिअँपिअरच्या आरसीडीमधूनच (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) घ्या.

उत्तर : स्थापत्य अभियंता, धाराशिव

बिट कसे टेकवावे यापेक्षा कुठे टेकवावे, हे आधी ठरवा. पोर्च दोन्हीकडे खांबांवर आहे की घराच्या भिंतीतून बाहेर काढलेला आहे? बाहेर काढलेला असेल तर त्याच्या मुख्य सळया वरच्या अंगाला असतात, आणि भिंतीजवळ त्या तोडणे म्हणजे पोर्चचा आधारच काढून घेणे होय. बीम आणि कॉलम यांना बिट लागताच कामा नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर, आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत, हा पट्टा पहिल्या भूकंपक्षेत्रातून तिसऱ्यात गेला. आपल्या भागात ही काळजी घेतलीच पाहिजे. सळया शोधण्याचे यंत्र आणून खडूने आखून घ्या आणि दिव्याच्या वायरीचा पाइप स्लॅबमधून कुठून गेला आहे तेही पाहा. तुटून निघणारा गोळा जवळपास चार किलोचा असेल. खाली कोणीही उभे राहू नये.

प्रश्नकर्ते, लातूर

सर्वांचे मनापासून आभार. पोर्च चार खांबांवर आहे. खडूने आखल्यावर मूळ जागा बरोबर एका सळईवर येत होती, म्हणून ती दोन इंच सरकवली आणि स्टँड लावून काल काम केले. गोळा अखंड निघाला; त्याच्या कापलेल्या अंगावर काळी खडी फरशीसारखी चकाकते. मात्र ८ मि.मी.ची एक आडवी सळई काठावर अर्धी कापली गेली आहे. तिचे काय करावे?

उत्तर : स्थापत्य अभियंता, धाराशिव

आडवी म्हणजे वाटप सळई (मुख्य सळयांना आडवी, भार पसरवणारी) असेल आणि एकच असेल, तर चार खांबांच्या पोर्चला सहसा धोका नाही. तरी घराचा नकाशा करणाऱ्या अभियंत्याला छायाचित्र दाखवा. उघडे पडलेले टोक तारेच्या ब्रशने घासून त्यावर जस्ताचा प्रायमर लावा, तो वाळू द्या आणि मगच पाइपभोवतीची आठ मि.मी.ची फट न आक्रसणाऱ्या ग्राउटने भरा. प्रायमरशिवाय भरलेत तर पाइपच्या कडेने झिरपणारे पाणी आधी त्या टोकाला गाठेल.