महाराष्ट्राच्या रणजी संघाकडून आशा ठेवावी तरी किती?

भीमाकाठ, पुणे

नमस्कार. लहानपणी वडिलांचे बोट धरून मी स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून महाराष्ट्राचे रणजी सामने पाहिले आणि आता गहुंजेला जाऊन पाहतो. आपल्या राज्यातून तीन संघ रणजी खेळतात. मुंबईने 2023-24 मध्ये बेचाळिसावे विजेतेपद मिळवले. विदर्भाने 2017-18, 2018-19 आणि 2024-25 अशी तीन विजेतेपदे पाहता पाहता पटकावली. ज्या संघाच्या नावातच महाराष्ट्र आहे, त्याच्या नावावर मात्र दोनच करंडक आहेत, 1939-40 आणि 1940-41 चे, आणि तेही प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखालचे. तेव्हा माझ्या वडिलांचा जन्मही झाला नव्हता.

पराभवाचे मला फारसे वाईट वाटत नाही. वाईट याचे वाटते की विक्रमांच्या यादीत आपण सर्वत्र आहोत. भाऊसाहेब निंबाळकरांनी 1948 मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद 443 धावा केल्या, आणि प्रतिस्पर्धी कर्णधाराने सामनाच सोडून दिल्यामुळे ब्रॅडमन यांचा 452 चा विक्रम मोडायची संधी त्यांच्या हातून गेली. शंतनू सुगवेकर 299 वर नाबाद राहिले. 2016 मध्ये वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांनी 594 धावांची अभेद्य भागीदारी केली, आणि एवढे करूनही तो सामना अनिर्णित राहिला, कारण ऋषभ पंतच्या त्रिशतकाच्या बळावर दिल्लीनेही 590 धावा उभ्या केल्या. विक्रम आपला झाला, पण विजय मिळाला नाही.

सर्वांत जिव्हारी लागलेला सामना जानेवारी 2023 मधला, ब्रेबॉर्नवरचा, मुंबईविरुद्धचा. आपला पहिला डाव 384 धावांवर संपला, त्यात केदार जाधवचे शतक होते. मुंबईचा शेवटचा गडी बाद झाला तेव्हा त्यांच्याही धावा नेमक्या 384 झाल्या होत्या. सामना अनिर्णित राहिला, त्यामुळे पहिल्या डावातील आघाडीवर मिळणारे तीन गुण कोणालाच मिळाले नाहीत आणि दोन्ही संघ बाद फेरीबाहेर राहिले. त्या एका धावेसाठी मी संपूर्ण डाव मनातल्या मनात कितीदा तरी पुन्हा खेळून पाहिला आहे.

माझा प्रश्न असा आहे. पिढ्यानपिढ्या असे फलंदाज घडवणाऱ्या संघाला चार दिवसांत वीस गडी बाद करणारी गोलंदाजी का उभी करता येत नाही? की माझे निदानच चुकते आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुना गुणलेखक, सोलापूर

आपले निदान बऱ्याच अंशी बरोबर आहे, असे माझे मत आहे. मी वीसेक वर्षे जिल्हा पातळीवर गुणलेखन केले, त्यामुळे जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहितो. आमच्याकडे मुलगा बहुतेक सामने मर्यादित षटकांचे खेळतो. गोलंदाजाला आठ किंवा दहा षटके मिळतात, धावा रोखल्या की त्याला शाबासकी मिळते, आणि गडी बाद करण्यासाठी दुपारच्या उन्हात जुन्या चेंडूने पंधरा-सोळा षटके एका टोकाकडून टाकायची वेळ त्याच्यावर जवळजवळ येतच नाही. त्यात बरेच सामने मॅटिंगवर, म्हणजे चटई अंथरलेल्या खेळपट्टीवर होतात. मॅटिंगवर उसळी मिळते, म्हणून मुलाला वाटते की आपला चेंडू फार चांगला पडतो आहे. तोच मुलगा गवताळ किंवा संथ खेळपट्टीवर आला की टप्पा कुठे ठेवावा हे त्याला कळत नाही. फलंदाजाला मात्र याची तेवढी झळ बसत नाही, कारण तो नेट्समध्ये तासन्‌तास एकट्याने सराव करून पुढे जाऊ शकतो.

मुंबईची गोष्ट वेगळी आहे. तिथे लोकलने तासाभरात मैदान गाठता येते, आणि पावसाळ्यातल्या कांगा लीगमध्ये ओल्या खेळपट्टीवर चेंडू कसा वापरायचा हे शाळकरी वयातच अंगवळणी पडते. आपला संघ जालना, नाशिक, सोलापूर, धाराशिव अशा दूरदूरच्या गावांतून गोळा होतो. विजय झोल जालन्याचा, राजवर्धन हंगरगेकर तुळजापूरचा. या मुलांना रोज एकाच मैदानावर चांगल्या प्रतिस्पर्ध्याशी खेळायला मिळत नाही, हे मूळ दुखणे आहे.

ऑरेंजनगरी, नागपूर

भीमाकाठ, मी विदर्भाचा समर्थक आहे, तरीही तुमची तगमग मला पूर्ण समजते. आमचा संघ 1957-58 पासून रणजी खेळतो आहे आणि पहिला करंडक आला तो साठ वर्षांनी. त्या काळात उपांत्य फेरीची चर्चासुद्धा आम्हाला चैनीची वाटत असे.

बदल घडला तो गोलंदाजीमुळेच. 2017-18 च्या उपांत्य सामन्यात कोलकात्यात कर्नाटकावर अवघ्या पाच धावांनी मात केली, तेव्हा रजनीश गुरबानीने सामन्यात बारा गडी बाद केले होते. अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने हॅट्‌ट्रिकही घेतली. पुढच्या वर्षी सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात आदित्य सरवटेने अकरा गडी घेतले, आणि 2024-25 मध्ये हर्ष दुबेने एका हंगामात 69 बळींचा विक्रम केला. वसीम जाफरच्या धावा आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांची शिस्त यांचे मोल मी कमी लेखत नाही, परंतु प्रत्येक वेळी करंडक खेचून आणला तो चेंडूने. तोच गुरबानी आता तुमच्या संघातून खेळतो, याचे मला थोडे वाईट वाटते आणि तुमच्यासाठी आनंदही होतो.

पंचगंगा, कोल्हापूर

वरील दोन्ही प्रतिसाद मी आदराने वाचले, पण सगळा दोष गोलंदाजांच्या माथी मारणे मला पटत नाही. 2013-14 चा हंगाम आठवावा. उपांत्यपूर्व सामन्यात आपण वानखेडेवर मुंबईला हरवले. इंदूरच्या उपांत्य सामन्यात समद फल्लाह आणि त्याच्या साथीदारांनी बंगालचा पहिला डाव 114 धावांत गुंडाळला. अंतिम सामन्यात कर्नाटकाने पाचशेचा टप्पा ओलांडला हे खरे, पण त्याआधी आपण पहिल्या डावात 305 धावांवरच थांबलो होतो. त्या हंगामात केदारने बाराशेहून अधिक धावा केल्या होत्या, आणि तरीही निर्णायक दिवशी आपली धावसंख्या तोकडी पडली. 2022 च्या विजय हजारे करंडकातही तेच झाले. उपांत्यपूर्व सामन्यात ऋतुराज गायकवाडने एका षटकात (एका नो-बॉलसह) सात षटकार मारले, अंतिम सामन्यात शतक केले, पण दुसऱ्या टोकाकडून त्याला पुरेशी साथ मिळाली नाही आणि सौराष्ट्र जिंकले.

माझ्या मते आपली खरी उणीव म्हणजे अनुभवी माणसे टिकवून ठेवण्याची. हृषीकेश कानिटकर आपला पुण्याचा खेळाडू, पण 2010-11 आणि 2011-12 मध्ये त्याने करंडक उंचावला तो राजस्थानचा कर्णधार म्हणून. ते छायाचित्र वर्तमानपत्रात पाहिले तेव्हा अभिमानही वाटला आणि गळाही दाटून आला. ज्या ड्रेसिंग रूममध्ये जिंकलेला माणूसच बसलेला नाही, तिथे अंतिम सामन्याच्या सकाळी तरुण मुलाला धीर कोणी द्यायचा? म्हणूनच 2025 मध्ये पृथ्वी शॉबरोबर जलज सक्सेना आपल्याकडे आला, याचा मला अधिक आनंद झाला. रणजीत सहा हजार धावा आणि चारशे बळी असा दुहेरी पल्ला गाठणारा तो पहिला खेळाडू आहे.

भीमाकाठ, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. पंचगंगा, 2013-14 चा मुद्दा मला मान्य आहे; हैदराबादच्या त्या अंतिम सामन्यातील 305 ची धावसंख्या मी सोयीस्करपणे विसरलो होतो. गुणलेखककाका, मॅटिंगबद्दल आपण लिहिलेत ते मला ठाऊक नव्हते. माझा भाचा चौदा वर्षांचा आहे, मध्यमगती गोलंदाजी करतो आणि त्याचे सगळे सामने मॅटिंगवरच होतात. पुढचा सामना गहुंजेला असेल तेव्हा त्याला चारही दिवस बरोबर नेणार आहे, आणि गुरबानी ज्या टोकाकडून गोलंदाजी करील, त्या टोकाच्या मागे आम्ही बसणार आहोत. तिथून टप्पा नीट दिसतो.