मदत हवी आहे: पांढऱ्या पेशी घसरल्या म्हणून आईची पाल्बोसिक्लिब थांबवली. हे सीडीके-४ नेमकं करतं काय?

केतकी_म

नमस्कार. आई ६४ वर्षांची आहे. स्तनाचा कॅन्सर, हाडांपर्यंत पोचलेला. रिपोर्टवर ईआर पॉझिटिव्ह (गाठीत इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे रिसेप्टर आहेत), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन वाढलेलं नाही) असं आहे. लेट्रोझोल रोज चालू आहे आणि जोडीला पाल्बोसिक्लिब १२५, तीन आठवडे घ्यायची आणि एक आठवडा बंद. पहिली सायकल बरी गेली, थकवा सोडला तर तक्रार नव्हती. दुसरी सुरू करायच्या आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, केली तर एकूण पांढऱ्या पेशी २००० आणि त्यातले न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ३९ टक्के. डॉक्टर म्हणाले, गोळी आठवडाभर पुढे ढकलू, परत रक्त तपासू आणि मग ठरवू.

तेव्हापासून घरात कुणाला चैन नाही. आई म्हणते, गोळी बंद म्हणजे आजार मोकाट सुटणार. काकू म्हणतात, ही केमोच आहे, फक्त गोळीच्या रूपात, आणि अंगातलं सगळं रक्त जाळते आहे. त्या रोज गुळवेलीचा काढा घेऊन येतात. माझा भाऊ इंटरनेटवर वाचत बसला होता. त्याला कुठेतरी दिसलं की सीडीके-४ नावाच्या जनुकातला बिघाड आनुवंशिक असतो, आणि ही गोळी सीडीके-४ वरच काम करते. म्हणजे आईचं ते जनुक बिघडलेलं आहे आणि आम्हा दोघांची तपासणी तातडीने करायला हवी, असं त्याने ठरवून टाकलंय.

मला हे नीट समजून घ्यायचं आहे, आईला तिच्या भाषेत सांगता यावं म्हणून. हे जनुक काय करतं? ते अडवल्यावर पांढऱ्या पेशी का पडतात? आठवडाभर थांबल्याने काही हातचं जाईल का? आणि भावाचं म्हणणं खरं आहे का? ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया लिहा. डॉक्टरांचा सल्ला मोडायचा नाहीये, फक्त तो कळायला हवा आहे.

जीवशास्त्र_शिक्षक

केतकीताई, आधी जनुकाचं सांगतो. सीडीके-४ हे जनुक १२ व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर असतं. तुमच्या आईत, माझ्यात, सगळ्यांत. त्याच्यावरून ३०३ अमिनो आम्लांचं एक एन्झाइम तयार होतं. हे एन्झाइम एकटं काही करत नाही. सायक्लिन-डी नावाचं प्रथिन त्याला येऊन चिकटलं की ते कामाला लागतं. काम एकच: दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटचा गट बसवणं.

ज्या प्रथिनावर फॉस्फेट बसवायचं त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आरबी. पेशी दोन व्हायच्या आधी तिला डीएनएची नक्कल करावी लागते, आणि आरबी हा त्या टप्प्याआधी ओढून ठेवलेला हँडब्रेक आहे. ई-टू-एफ नावाची प्रथिनं नकलेची तयारी करणारी जनुकं चालू करतात, आरबी त्यांना धरून ठेवतो. सीडीके-४ आणि त्याचं भावंड सीडीके-६ आरबीवर फॉस्फेट बसवायला लागले की त्याची पकड सुटत जाते, ई-टू-एफ मोकळं होतं आणि पेशी विभाजनाच्या वाटेला लागते. उलट बाजूने पी-१६ नावाचं प्रथिन सीडीके-४ ला रोखतं. निरोगी शरीरात ही ओढाताण आयुष्यभर चालू असते. जखम भरते, केस वाढतात, रक्त नवं होतं, ते यातूनच.

सायक्लिनचा शोध कसा लागला ते विद्यार्थ्यांना सांगताना मला दरवेळी आनंद होतो. टिम हंट यांना १९८२ साली अमेरिकेत वुड्स होल इथे समुद्री साळिंदराच्या अंड्यांवर काम करताना असं एक प्रथिन दिसलं, जे साचत जायचं आणि पेशी दुभंगताना एकदम नाहीसं व्हायचं. पॉल नर्स आणि लीलंड हार्टवेल यिस्टवर काम करत होते. या तिघांना २००१ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. यिस्ट आणि समुद्रातल्या अंड्यांच्या त्या अभ्यासातूनच आज तुमच्या आईच्या हातातल्या गोळीपर्यंतची वाट निघाली.

आता आईच्या आजाराकडे. ईआर पॉझिटिव्ह गाठीत इस्ट्रोजेनचा संदेश सायक्लिन-डी वाढवतो, म्हणजे सीडीके-४ सतत कामावर. लेट्रोझोल इस्ट्रोजेन कमी करतं, पाल्बोसिक्लिब सीडीके-४ आणि ६ यांना थेट अडवतं. एकाच वाटेवर दोन ठिकाणी अडसर. यात सीडीके-४ चं जनुक बिघडलेलं असण्याची गरजच नाही. ही गोळी देताना ते जनुक तपासतही नाहीत, ईआर आणि हर-टू पाहून ठरवतात.

तुमच्या भावाने वाचलं ते खोटं नाही, पण ते वेगळ्या आजाराचं आहे. सीडीके-४ च्या २४ व्या जागेवरचं आर्जिनिन हे अमिनो आम्ल बदललं की पी-१६ ला ते एन्झाइम नीट पकडता येत नाही. असा बदल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली काही कुटुंबं आहेत, १९९६ पासून माहीत झालेली, आणि त्यांच्यात मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर होतो. अशी कुटुंबं जगभरात फार थोडी आहेत. स्तनाच्या कॅन्सरच्या आनुवंशिकतेचा विचार करताना बीआरसीए-१, बीआरसीए-२ या जनुकांची नावं आधी येतात. तीही तपासणी शक्यतो आधी आईची, मग गरज पडली तर मुलांची. भावाला सांगा, काळजी योग्य आहे, पण त्यासाठी जेनेटिक काउन्सेलरला भेटा, परस्पर लॅबमध्ये जाऊ नका.

उमामावशी

केतकी, बाळा, मी हीच गोळी घेते. माझाही काउंट पहिल्याच सायकलनंतर पडला होता आणि माझ्या घरीही असाच गोंधळ झाला. तारीख पुढे गेली, काउंट वर आला, गोळी परत सुरू झाली. पुढे १२५ वरून १०० वर आणली. डोस कमी केला म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली असं मला वाटलं होतं, ते तसं नसतं. औषध बनवणाऱ्यांनीच १२५, १०० आणि ७५ अशा पायऱ्या ठेवल्या आहेत.

आईला एक मात्र बजावून सांग. ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा वर गेला, थंडी वाजून आली, तर रात्र असली तरी फोन करायचा आणि दवाखाना गाठायचा. क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघायची नाही. थर्मामीटर तिच्या उशाशी ठेव.

औषधपेटी

मी कॅन्सरच्या औषधांच्या फार्मसीत काम करते. आकड्याचं सांगते. २००० चे ३९ टक्के म्हणजे ७८०. यालाच एएनसी म्हणतात, आणि डॉक्टर एकूण पांढऱ्या पेशींपेक्षा हा आकडा जास्त बघतात. सायकल सुरू करायच्या दिवशी तो १००० च्या खाली असेल तर थांबायचं, आठवड्यात परत तपासायचं, १००० च्या वर आला की सुरू करायचं, अशीच पद्धत आहे. तुमच्या डॉक्टरांनी नेमकं तेच केलंय. पहिल्या दोन सायकलींत १५ व्या दिवशीही सीबीसी करतात, तेही त्यांना विचारून घ्या.

काकूंच्या ‘ही केमोच’ या शंकेला उत्तर द्यायला हवं, कारण बरेच जण तसंच समजतात. नेहमीची केमो अस्थिमज्जेतल्या पेशी मारते. पाल्बोसिक्लिब त्यांना मुख्यतः थांबवून ठेवते. पांढऱ्या पेशी घडवणाऱ्या मज्जेतल्या पेशी सीडीके-६ वर फार अवलंबून असतात. ज्या उंदरांत सीडीके-४ आणि ६ दोन्ही काढून टाकले ते जन्माआधीच तीव्र रक्तक्षयाने मेले, शरीराचे बाकीचे बरेच अवयव मात्र तयार झाले होते. रक्ताला ही एन्झाइमं किती लागतात ते यावरून कळतं. गोळी थांबली की मज्जेतल्या पेशी पुन्हा विभाजायला लागतात, म्हणून काउंट बहुतेकदा लवकर सावरतो. तीन आठवड्यांनंतरचा मोकळा आठवडा ठेवलाय तोही याचसाठी.

६६६ स्त्रियांवरच्या पालोमा-२ या चाचणीत पाल्बोसिक्लिब घेणाऱ्यांपैकी सुमारे ६६ टक्के जणींचे न्यूट्रोफिल असेच खूप उतरले होते, पण त्यासोबत ताप येण्याचं प्रमाण २ टक्क्यांहून कमी होतं. आणि या थांबण्या-सुरू करण्यासकटच आजार वाढेपर्यंतचा मध्यक (मीडियन) काळ २४.८ महिने आला, नुसत्या लेट्रोझोलवर तो १४.५ होता. आईला हे सांगा. लेट्रोझोल या आठवड्यातही चालूच ठेवायचं असतं, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. तेवढं विचारून खात्री करा.

काढा कृपया थांबवा. गुळवेलीनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद आपण इथे सोडवू शकत नाही. पण ही गोळी यकृतातच मोडली जाते, त्यामुळे तिथे नवा भार नको.

केतकी_म

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. शिक्षकांचा आरबीचा भाग आईला वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला आणि म्हणाली, म्हणजे माझ्या रक्ताच्या पेशी मेल्या नाहीत, थांबल्यात. भाऊही जरा शांत झालाय, काउन्सेलरची वेळ घेतो म्हणाला. काकूंशी मी बोलेन, त्या प्रेमापोटीच करतात.

एक राहिलं. गोळीच्या पाकिटातल्या कागदावर ग्रेपफ्रूट खाऊ नका असं आहे. ते आमच्याकडे मिळतच नाही, पण कोकणातून मामाने पपनसं पाठवली आहेत आणि आईला ती फार आवडतात. चालतील?

औषधपेटी

नकोत. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्र्याच्या संकरातून आलेलं फळ आहे. त्यातल्या ज्या द्रव्यांमुळे यकृतातलं औषध मोडणारं एन्झाइम बंद पडतं आणि गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं, ती पपनसातही असतात. तुम्ही बाकीच्यांनी खा. आईला साधी संत्री, मोसंबी द्यायला हरकत नाही, धुऊन आणि ताजी सोलून. आणि दातांचे किंवा घशाचे डॉक्टर कधी अँटिबायोटिक देणार असतील तर पाल्बोसिक्लिब चालू आहे हे आधी सांगा, क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही औषधंही हाच परिणाम करतात. पुढच्या भेटीला आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या असतील तर त्यासकट सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा. रक्त तपासलं की एएनसी किती आली ते इथे लिहा.